मॉडेल रेल्वेचा रूळ हातानं बांधताय? आधी गेज बनवा

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना दरेकसा स्टेशन लागतं. डोंगर, जंगल, जवळच बोगदा. मॉडेल बनवायला आणखी काय हवं? पण काम सुरू केलं की पहिली अडचण रुळाचीच येते.

तयार मिळणारा एचओ स्केलचा रूळ १:८७ प्रमाणातला असतो आणि त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. हे माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिमी रुळावरून आलंय. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं की येतात १९.२६ मिमी. म्हणजे तयार रूळ आपल्या गाडीला जवळजवळ २.८ मिमी अरुंद पडतो, आणि समोरून बघितलं की लगेच खटकतो. बरेच जण तसंच चालवतात, त्यात चूक काही नाही. पण खरं दरेकसा हवं असेल तर रूळ हातानंच बांधावा लागेल.

(गंमत म्हणजे ही लाइन सुरुवातीला मीटरगेज होती. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी आली आणि त्यानंतर लाइन रुंद झाली. त्याआधीचा काळ दाखवायचा असेल तर तयार १२ मिमीचा रूळ चालून जातो!)

गेज म्हणजे काय?

ठरलेल्या मापाचं साधं हत्यार. मोबाइलचं मेजर अ‍ॅप इथे बिनकामाचं, कारण आपला खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा आहे. पट्टीनं प्रत्येक स्लीपरवर मोजत बसलात तर दर वेळी थोडा फरक पडणारच. गेज मोजत नाही, ते रुळांना जागेवर धरून ठेवतं.

सगळ्यात सोपं म्हणजे पितळी रोलर गेज. लेथवाल्याकडून एका गोल सळईवर दोन खाचा पाडून घ्या. रुळाचा माथा खाचेत घट्ट बसला पाहिजे आणि दोन माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर १९.३ मिमी यायला हवं. डिजिटल व्हर्नियरनं तपासा. १९.४ आलं तर चालेल, १९.१ नको. रूळ किंचित रुंद असला तरी चाक धावतं, अरुंद झाला की अडकतं किंवा वर चढतं.

वळणावर तीन पायांचं गेज लागतं. त्याचे दोन पाय बाहेरच्या रुळावर, एक आतल्या रुळावर. वळण जितकं तीव्र, तितकं अंतर आपोआप थोडं वाढतं आणि लांब इंजिन अडकत नाही. उलटं ठेवलंत तर नेमकं उलटं होईल, रूळ आवळला जाईल.

आता बांधणी

सर्किट बोर्डच्या तांब्याच्या पट्टीतून ३१.६ मिमी लांबीचे स्लीपर कापा आणि साधारण ७ मिमी अंतरावर चिकटवा. आधी एक रूळ सरळ सोल्डर करून घ्या. दुसरा रूळ गेजमध्ये धरून दर चार-पाच स्लीपरनंतर एक टाका मारा. डबा ढकलून बघा, मगच बाकीचे टाके. सोल्डर थंड व्हायच्या आत गेज काढू नका, सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

चाकंही अ‍ॅक्सलवर तितकीच, म्हणजे २.८ मिमी लांब सरकवावी लागतात. इंजिनात ते अवघड असतं, म्हणून सुरुवात मालडब्यापासून करा.

आणि हो, प्रत्येक स्लीपरचा तांबा मधोमध कानशीनं कापायचा. नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील. वीज जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर कुठला तरी स्लीपर राहिलाय.