वृद्धपब्बजित आणि बहुस्सुत : उतारवयातील विद्याभ्यासाची बौद्ध परंपरा

शिक्षण हे बालपणी आणि तारुण्यात करावयाचे कार्य असून वार्धक्य हे केवळ विश्रांतीचे वय होय, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. चार आश्रमांच्या कल्पनेने विद्यार्जनाला आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात बंदिस्त केले आणि शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना तो टप्पाही नाकारला. ज्यांना बालपणी शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नाही, त्यांना म्हातारपणी 'आता शिकून काय करणार?' असे विचारणे म्हणजे त्याच अन्यायाची पुनरावृत्ती होय. बौद्ध परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालि साहित्यात उतारवयात प्रव्रज्या घेणाऱ्यास 'वृद्धपब्बजित' अशी संज्ञा आहे. विनयपिटकातील महावग्गात एका ब्राह्मणाचा प्रसंग येतो. त्याने भिक्खूंकडे प्रव्रज्या मागितली, परंतु ती त्याला कोणी दिली नाही. त्या दुःखाने तो कृश झाला. अट्ठकथांची परंपरा त्याला राध या नावाने ओळखते आणि तो वृद्ध व निराधार होता असे सांगते. या ब्राह्मणाने पूर्वी आपल्याला पळीभर भिक्षा दिली होती, हे सारिपुत्तांनी स्मरले. भगवंतांनी त्यांनाच त्याला दीक्षा देण्यास सांगितले. याच प्रसंगी केवळ त्रिशरणाने उपसंपदा देण्याची जुनी रीत बंद झाली आणि संघापुढे एकदा प्रस्ताव व तीनदा घोषणा करून संमती घेण्याची पद्धत सुरू झाली. संघाच्या लोकशाही कार्यपद्धतीचा हा महत्त्वाचा टप्पा इतरांनी नाकारलेल्या एका माणसाच्या निमित्ताने आला, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते. पुढे राध उपदेश ग्रहण करण्यात इतका तत्पर ठरला की अग्रश्रावकांच्या यादीत त्याचे नाव आले.

स्त्रियांच्या बाबतीत सोणा थेरीचे उदाहरण बोलके आहे. दहा अपत्यांना जन्म देऊन, शरीर थकल्यावर ती एका भिक्खुणीकडे गेली आणि तिच्याकडून स्कंध, आयतन व धातू यांचे ज्ञान तिने घेतले, हे थेरीगाथेवरून कळते. अट्ठकथा असे सांगते की, सर्व संपत्ती मुलांच्या स्वाधीन केल्यावर घरात तिचा मान उरला नव्हता. अंधारात पडू नये म्हणून ती रात्री खांबाला हात लावून चंक्रमण करीत असे. भगवंतांनी तिला वीर्यारंभात, म्हणजेच प्रयत्नशीलतेत, अग्र ठरविले. अग्रस्थान तिला तरुण वयातील तल्लख बुद्धीसाठी मिळाले नाही, चिकाटीसाठी मिळाले.

तथापि परंपरेने वार्धक्याचे आंधळे गौरवीकरण केलेले नाही. अंगुत्तरनिकायाच्या पंचक निपातात निपुण, सदाचारी, बहुस्सुत, धम्मकथिक आणि विनयधर असा वृद्धपब्बजित दुर्लभ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर, आता हवे तसे वागता येईल, असे समाधान व्यक्त करणारा सुभद्र हादेखील वृद्धपब्बजितच होता. त्याच्या त्या उद्गारांमुळे महाकस्सपांना धम्म-विनयाचे संगायन करण्याची निकड जाणवली आणि राजगृह येथे पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली. सोणा आणि सुभद्र या दोघांचेही वय झाले होते. फरक शिकण्याच्या इच्छेचा होता. धम्मपदातील जरावग्गाने अल्पश्रुत माणसाच्या वाढीची तुलना बैलाच्या वाढीशी केली आहे, ती याच अर्थाने.

येथे 'बहुस्सुत' या शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. त्याचा मूळ अर्थ 'ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो' असा आहे. धम्म अनेक शतके मुखपाठाने टिकला. त्यामुळे अक्षर न येणारा मनुष्य विद्येस अपात्र ठरत नाही. परंतु ज्या समाजाला अक्षरापासून जाणूनबुजून दूर ठेवले गेले, त्याने केवळ श्रवणावर समाधान मानणे योग्य नव्हे.

आधुनिक काळात हे सत्य प्रथम महात्मा जोतीराव फुले यांनी कृतीत आणले. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी दिवसभर राबणाऱ्या प्रौढ शेतकरी-मजुरांसाठी आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. साठी उलटलेला मनुष्य पुन्हा अक्षरे गिरवतो, याहून मोठा धडा कोणता?

त्याच १८९१ साली जन्मलेल्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अखेरचे पर्वही विद्यार्थ्याचेच होते. मधुमेहाने शरीर जर्जर व दृष्टी क्षीण झालेली असताना त्यांनी पालिचा अभ्यास चालू ठेवला. त्यांनी सिद्ध केलेले पालि व्याकरण व शब्दकोश १९९८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचा मजकूर पाहण्यासाठी जवळ घेतला, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी नमूद केले आहे. तो ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ चा प्रसंगही या दृष्टीने पाहावा. नागपूर येथे बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी यांचे वय तेव्हा ऐंशी होते आणि बाबासाहेबांचे पासष्ट. त्या दिवशी धम्मात आलेल्या लाखो जनसमुदायात आजी-आजोबाही होते. त्यांना त्रिशरण-पंचशीलाच्या पालि ओळी, बावीस प्रतिज्ञा आणि नवी जीवनपद्धती या वयात शिकावी लागली. एका संपूर्ण समाजाने प्रौढपणी पुन्हा विद्यार्थी होण्याची ही घटना इतिहासात असाधारण आहे. वर्षावासात विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याचे वाचन होते, ते याच शाळेचे चालू वर्ग होत.

मात्र आम्हास एक चिंता वाटते. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, असे वर्षानुवर्षे चालले तर पाठ तोंडात राहतो आणि अर्थ हातून निसटतो. ज्या कर्मकांडातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, त्याचेच ते नवे रूप ठरेल. यावर उपाय आहे. २०१६ साली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी साठी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली आणि पाटी-दप्तर घेतलेल्या आजी तेथे अक्षरे शिकल्या. एखाद्या गावाला जे जमते ते आपल्या विहारांना का जमू नये? वंदनेनंतरचा अर्धा तास वृद्ध उपासक-उपासिकांच्या अक्षरओळखीसाठी राखावा, नातवंडांनी शिक्षक व्हावे, आणि ज्या ओळी पाठ आहेत त्याच प्रथम वाचावयास द्याव्यात. परिचित शब्द डोळ्यांना लवकर ओळखू येतो.

वृद्धांना आदर देणे हे आपले शील आहे. परंतु त्यांना शिकण्याचा अधिकार परत मिळवून देणे, ही त्या आदराची खरी कसोटी आहे. सोणा थेरीला अंधारात खांबाचा आधार होता. आपल्या घरातील वृद्धांना तो आधार आपण व्हावे, इतकेच आमचे नम्र निवेदन आहे.