वृद्धिघटक ग्राही आणि पेशी-सांगाडा

पेशीपटलावरील वृद्धिघटक ग्राही (वृद्धिघटकांचा संदेश ग्रहण करणारी प्रथिने) आणि पटलाखालील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे, म्हणजे पेशी-सांगाड्याचा एक भाग, यांच्यातील परस्परक्रिया. वृद्धिघटक ही पेशीला वाढीचा, विभाजनाचा किंवा स्थलांतराचा संदेश देणारी प्रथिने होत. त्यांपैकी ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) स्टॅन्ली कोएन यांनी शोधले. १९८६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व रीता लेव्ही-माँताल्चीनी यांना विभागून मिळाले.

ईजीएफ ग्राहींना जोडले गेले की ग्राहींच्या जोड्या बनतात आणि त्यांचे आतील भाग एकमेकांना फॉस्फेट गट जोडतात. त्यातून रॅक हे प्रथिन सक्रिय होते, आर्प २/३ या प्रथिन-संकुलामुळे ॲक्टिनला नवे फाटे फुटतात आणि पेशीचा काठ पुढे सरकतो. उलट, ॲक्टिनचे जाळे ग्राहींच्या संचाराला कुंपण घालते व त्यांना पेशीत ओढून घेण्यास मदत करते.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सत्यजित मेयर, तसेच मदन राव व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की पटलावरील जीपीआय-बद्ध (जीपीआय या मेदरेणूने पटलाला जखडलेल्या) प्रथिनांचे सूक्ष्म पुंज ॲक्टिनच्या सक्रियतेने बनतात. ही प्रथिने वृद्धिघटक ग्राही नव्हेत. तथापि पटलाची रचना घडवण्यात ॲक्टिनच्या सांगाड्याचा वाटा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. वृद्धिघटक ग्राही अतिसक्रिय झाल्यास पेशीचा काठ पुढे सरकवणाऱ्या वरील यंत्रणेमुळे कर्करोगाच्या पेशी शरीरात पसरू शकतात.