कॅमेऱ्याची पायरी

जुना कागद हातीं आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक त्याला ठराविक प्रश्न विचारतो: हा कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कोणासाठीं लिहिला? छायाचित्र हातीं आलें म्हणजे मात्र ही दक्षता सुटते. त्यांत काय दिसतें एवढेंच आपण पाहतों. तें कोठें उभें राहून काढलें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः छायाचित्राच्या बाबतींत कर्त्याच्या नांवाइतकेंच त्याच्या पायांखालच्या जमिनीला महत्त्व आहे. हें विधान कोणास चमत्कारिक वाटेल. म्हणून तें आपण नाशिकच्या घाटावरच तपासून पाहूं.

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. रामकुंडाच्या कांठाशीं उभें राहिलें, तर समोर पाणी, त्यांत उतरलेलीं माणसें आणि त्यांचे चेहरे दिसतात. तेथून पायऱ्या चढून कपालेश्वराच्या दाराशीं गेलें कीं चेहरे नाहींसे होतात आणि डोकीं, छत्र्या, वाळत घातलेलीं वस्त्रें यांची दाटी दिसूं लागते. पुलावर गेलें म्हणजे माणूसच लोपतो आणि नदीचें वळण तेवढें उरतें. तीनही चित्रें खरीं; परंतु त्यांतलें कोणतेंही एक पुरेसें नाहीं. पहिल्यांत भाविक आहे, दुसऱ्यांत यात्रा आहे, तिसऱ्यांत भूगोल आहे.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते. त्यांचा धंदा वैद्यकीचा, आणि छायाचित्रण ही हौस. १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन व हेंडरसन यांनीं मुंबईहून जो चित्रसंग्रह मासिक रूपानें काढला, त्याच्या नांवांतच ‘हौशी’ हा शब्द होता. धंदेवाल्याला गिऱ्हाइकाच्या मर्जीनें चालावें लागतें. हौशी माणसाला वाटेल त्या ठिकाणीं उभें राहण्याची मोकळीक असते.

परंतु ही मोकळीक बराच काळ कागदावरच राहिली. त्या वेळची ओल्या कांचेची रीत मोठी जाचक होती. कांचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं तंबूंतील अंधारांत धुवावयाची. तिवई, पेटी, बाटल्या आणि तंबू हा संसार घेऊन कोणी एखाद्या माडीच्या अरुंद जिन्यानें चढणार नाहीं, कीं चिखलांत बसणार नाहीं. साहजिकच तिवई सपाट जागीं, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लागे आणि समोर देऊळ किंवा लेणें असे. त्या काळचीं चित्रें भारदस्त वाटतात, याचें अर्धें श्रेय सामानाच्या ओझ्याला दिलें पाहिजे.

१८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक निघाला आणि १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी. ही पेटी कमरेशीं धरून वरून तिच्यांत डोकवावयाचें. त्यामुळें एका पिढीनें जग कमरेच्या उंचीवरून पाहिलें. १९२५ सालीं लायका बाजारांत आला आणि कॅमेरा डोळ्याला भिडला. पुढें १९२८ सालीं रॉडचेंको या रशियन कलावंतानें तर असें प्रतिपादन केलें कीं, बेंबीच्या उंचीवरून चित्रें काढणें आतां पुरे. वस्तूचें खरें ज्ञान व्हावयाचें असेल तर ती वरून, खालून, सर्व बाजूंनीं दाखविली पाहिजे. त्याच्या मतांत अतिरेक असेल. परंतु पाहण्याची जागा सवयीनें ठरते, विचारानें नव्हे, हें त्यानें बरोबर हेरलें होतें.

इंग्लंडांत सर बेंजामिन स्टोन यांनीं १८९७ सालीं हौशी चित्रकारांची एक संस्था काढून देशाची चित्रमय नोंद करण्याचें काम हातीं घेतलें. पांच हजारांहून अधिक चित्रें ब्रिटिश म्यूझियममध्यें जमा झालीं. हें काम स्तुत्य खरें. पण त्या मंडळींचा ओढा जुनीं चर्चें, वाडे व लोकोत्सव यांच्याकडे अधिक. रोजची गल्ली, रोजचा बाजार, रोजची पायरी यांना त्यांत गौण स्थान मिळालें. जें रोज दिसतें तें टिकणारच, असा मनुष्याचा समज असतो. आणि तेंच आधीं जातें.

आतां आपल्या नाशिकाकडे वळूं. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मले आणि १९४४ सालीं नाशकांत वारले. चित्रपटाच्या आधीं ते छायाचित्रकार होते, ही गोष्ट आपण विसरतों. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं प्रथम राजा हरिश्चंद्र केला नाहीं. कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, कॅमेरा एका जागीं ठेवला आणि थोड्या थोड्या अवधीनें चित्रें घेऊन रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. या लहानशा प्रयोगांत एक मोठें तत्त्व आहे. जागा कायम ठेवली तर काळ दिसतो. आणि घाटावर आपण पाहिलें त्याप्रमाणें, जागा बदलली तर वस्तूचा विस्तार दिसतो. हौशी छायाचित्रकाराच्या हातीं इतिहासाचीं हीं दोन साधनें आहेत.

नाशिकच्या लोकांना पहिलें साधन कॅमेऱ्यावांचूनही ठाऊक होतें. नदीच्या पात्रांत दुतोंड्या मारुति उभा आहे. पावसाळ्यांत पूर किती आला याचें उत्तर कोणी फुटांत देत नाहीं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलें, कमरेला लागलें, गळ्याशीं आलें, असें सांगतात. पलीकडे १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. तिला पाणी लागणें ही महापुराची खूण. १८७२, १९६९ आणि २००८ या सालांचे पूर असेच खुणांनीं स्मरणांत राहिले. छायाचित्र एकाच पायरीवरून दरवर्षीं घेतलें असेल, तरच तें या मारुतीच्या योग्यतेचें होतें. एक चित्र पुलावरून, दुसरें गच्चीवरून, तिसरें कोठून तें ठाऊकच नाहीं, अशा ढिगावरून पाण्याची तुलना करतां येत नाहीं. पात्रांतील जुन्या कुंडांचे तळ काँक्रीटनें झांकले गेले आणि पुढें त्यावरून वाद झाला, तेव्हां तळाच्या पायऱ्या पूर्वीं कशा होत्या हें दाखविणारें साधें चित्र केवढ्या मोलाचें ठरतें, हें ध्यानांत आलें. देवळांचीं चित्रें हवीं तेवढीं सांपडतात. पायरीचें चित्र शोधावें लागतें.

परंतु उभें राहण्याची जागा ही केवळ उंचसखल भूमीची बाब नव्हे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथें सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही दरवाजांसमोर बसले. हा लढा पुढें काहीं वर्षें चालला. मंदिराच्या अंगणांत तिवई लावून काढलेलें चित्र त्या दिवसांत कोण घेऊं शकत होता, आणि कोणाला दार बाहेरूनच पाहावें लागत होतें? आंतून दिसतात ते काळ्या पाषाणाचे खांब आणि शिखर. बाहेरून दिसतें तें बंद दार. काळारामाच्या इतिहासाला दोन्ही चित्रें लागतात. आणि केवळ पहिलें छापणारें पुस्तक अपुरें नव्हे, तर अन्यायाचें आहे, असें माझें मत आहे.

यावर एक आक्षेप येईल: आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईलचा कॅमेरा आहे, चित्रांचा तर पूर लोटला आहे, मग ही चिंता कशाला? उत्तर असें कीं, चित्रें वाढलीं, पाहण्याच्या जागा वाढल्या नाहींत. हात लांब करून स्वतःचा चेहरा पुढें व घाट मागें, अशीं लक्षावधि चित्रें मिळून घाटाचें चित्र एकच होतें. मीं माझ्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांना गंगेवरचा बुधवारचा बाजार तीन जागांहून टिपावयास सांगितलें: वरून, उभ्यानें आणि भाजीवालीच्या शेजारीं बसून. वरच्या चित्रांत रंगीत छपरें आलीं, मधल्यांत गिऱ्हाइकें. बसून काढलेल्या चित्रांत पाय, पिशव्या आणि खालीं वांकलेले हात एवढेंच होतें, आणि तें पाहून एक मुलगी म्हणाली, “सर, माझी आजी आयुष्यभर हेंच पाहत होती.” त्या दिवशीं मला इतिहासावर व्याख्यान देण्याची गरज उरली नाहीं.

म्हणून हौशी मंडळींस माझी विनंति मोठी नाहीं. आपल्या रोजच्या वाटेवरची एक जागा निवडावी. ती वरून, समोरून आणि जमिनीलगत पाहावी. आणि प्रत्येक चित्रामागें तारीख, वेळ व आपण कोठें उभे होतों हें लिहून ठेवावें. सुंदर चित्र सर्वांना साधत नाहीं, पण प्रामाणिक नोंद कोणालाही साधते. पन्नास वर्षांनीं जो अभ्यासक तीं चित्रें उघडील, तो आपल्याला प्रथम विचारील: तुम्ही कोणत्या पायरीवर होतां? त्याचें उत्तर आजच लिहून ठेवणें बरें.