पहिल्या बोलपटाचा अबोल नायक

आज व्याख्यानाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. भारतातला पहिला बोलपट कोणता? बरोबर, ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. आता सांगा, त्याचा नायक कोण? पृथ्वीराज कपूर? ते होते त्यात, पण सेनापतीच्या भूमिकेत. नायक होते मास्टर विठ्ठल. हे नाव ऐकून सभागृहात शांतता पसरते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्या शांततेचं कारण शोधणं हाच आजचा विषय.

विठ्ठल चित्रपटात आले ते कोल्हापुरातून. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४च्या मूकपटात त्यांनी चक्क नर्तकीची भूमिका केली होती. पुढे ते मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेले आणि १९२६च्या ‘रतन मंजरी’पासून नायक झाले. तलवारबाजी, घोडदौड, उंचावरून उड्या, असा सगळा मामला. लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. मूकपटाच्या जमान्यात आपल्याकडे सर्वाधिक पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होत असे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मूकपटाला भाषेची हद्द नव्हती. संवादांच्या पाट्या चार भाषांत लिहिल्या की झालं. कोल्हापूरकडचा मराठी मुलगा लाहोरच्या प्रेक्षकालाही आपला वाटायचा, कारण तो पडद्यावर काही बोलतच नव्हता!

मग आवाज आला. इंपीरियल फिल्म कंपनीच्या अर्देशिर इराणींनी बोलपट काढायचं ठरवलं आणि नायक म्हणून त्यांना विठ्ठलच हवे होते. ते शारदाच्या कराराने बांधलेले होते. तरी ते इंपीरियलकडे गेले, शारदाने त्यांना कोर्टात खेचलं. त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं असेल? बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी. खटला विठ्ठल जिंकले. एका नटासाठी दोन कंपन्या कोर्टात भांडतात, यावरून त्याचा भाव काय होता ते समजावं.

चित्रीकरण बहुतेक रात्री चालायचं. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता आणि गाड्यांचा खडखडाट थांबल्याशिवाय आवाज नीट मुद्रित होत नसे. मायक्रोफोन कुठेतरी दडवून ठेवायचा आणि नटांनी त्याच्या जवळपासच बोलायचं. ज्याचं सगळं कर्तृत्व धावण्यात आणि उड्या मारण्यात होतं, त्याला आता एका जागी उभं राहायचं होतं. त्यात संवाद हिंदुस्तानी, उर्दूच्या वळणाचे. विठ्ठलांची जीभ काही त्या भाषेला वळेना. कथेत राजपुत्राचा जीव एका हारात अडकलेला असतो. त्याचा आधार घेऊन नायकाला बराच वेळ गुंगीत, निपचित दाखवलं गेलं. म्हणजे बघा, देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला होता होईल तो बोलू द्यायचं नाही!

चित्रपट तुफान चालला. बाहेरची गर्दी आवरायला पोलीस लागले. पण त्या यशाने ज्या युगाचं दार उघडलं, त्यात विठ्ठलांना पूर्वीची जागा उरली नव्हती.

हे एकट्या विठ्ठलांचं झालं नाही. सुलोचना, म्हणजे मूळच्या रूबी मायर्स. पुण्यात जन्मलेल्या ज्यू कुटुंबातल्या. आधी टेलिफोन ऑपरेटर, मग मूकपटाची सम्राज्ञी. त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असं तेव्हा बोललं जाई. आवाज आल्यावर त्याही अडखळल्या. त्यांनी थांबून हिंदुस्तानी शिकून घेतली, परत आल्या आणि काही वर्षं गाजल्याही. १९२८च्या मूकपटात आणि १९३५च्या बोलपटात अनारकली झालेल्या या बाई १९५३च्या ‘अनारकली’त सलीमची आई झाल्या. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांचा पडता काळ सुरू होऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

आपण सहज म्हणतो, लोक कृतघ्न असतात, विसरतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. विठ्ठल १९३१नंतर कुठे पळून गेले नव्हते. ते काम करत होते. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये ते होते. पुढेही मिळतील त्या लहान भूमिका करत राहिले. १९६९मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे ‘आलम आरा’नंतर ते जवळजवळ अडतीस वर्षं आपल्यातच होते.

मग ते गेले कुठे? ते गेले फिल्मबरोबर. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. ती सांभाळायला जागा नाही, थंडावा नाही. चित्रपट जुना झाला की प्रतीतली चांदी काढून घ्यायची, हा रीतसर धंदा होता. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले फारच थोडे उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४मध्ये. पी. के. नायर यांनी तिथे जिवापाड मेहनत घेतली, पण तोवर उशीर झाला होता. खुद्द ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गायकाची तबकडी राहते, लेखकाचं पुस्तक राहतं. विठ्ठलांची कला शरीराची होती. ती फिल्मवर होती, आणि फिल्मच राहिली नाही. आठवण ठेवायची म्हटलं तरी पाहायचं काय?

जाता जाता एक सांगतो. १९३३मध्ये विठ्ठलांनी एक चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात शाहू मोडक राजपुत्र आणि गरीब मुलगा अशा दुहेरी भूमिकेत होते. हिंदीत त्याचं नाव ‘आवारा शहजादा’, आणि मराठीत ‘औट घटकेचा राजा’. त्यांनी ते नाव स्वतःसाठी ठेवलं असेल असं मी म्हणणार नाही. पण मला ते वाचताना दरवेळी थबकायला होतं.

एक विनंती. तुमच्या घरी आजोबांच्या पेटीत जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती, फोटो असतील, तर ते रद्दीत घालू नका. संग्रहालयाला कळवा. चित्रपट हाती नसले, तर इतिहास अशा कागदांवरूनच लिहावा लागतो.

आता प्रश्न घेऊ या.