संगणकापूर्वीचे अवकाश : विज्ञानपटांतील ॲनालॉग दृश्यपरिणाम

विज्ञानपटांतील अवकाशयाने, परग्रह आणि भारहीन अवस्था आज प्रामुख्याने संगणकावर साकारली जातात. १९९३ मधील ‘जुरासिक पार्क’ने हे वळण पक्के करण्यापूर्वी हीच दृश्ये लघुप्रतिकृती, रंगवलेल्या काचा, आरसे आणि प्रक्षेपक यांच्या साहाय्याने थेट फिल्मवर उमटवली जात. या पद्धतींना ॲनालॉग दृश्यपरिणाम म्हणतात.

प्रारंभ

मूळचे जादूगार असलेले फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिए यांनी १९०२ मध्ये ‘अ ट्रिप टु द मून’ साकारला. कॅमेरा थांबवून पात्र हलवणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे या त्यांच्या प्रमुख युक्त्या होत्या. अशाच करामतींचा उपयोग भारतात दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांसाठी केला. जर्मनीतील ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) ऑयगेन शुफ्टान यांनी कॅमेऱ्यापुढे तिरपा आरसा ठेवून त्याचा काही भाग खरवडला. आरशातील प्रतिबिंब आणि काचेपलीकडचे दृश्य यांपैकी एक लघुप्रतिकृतीचे, तर दुसरे नटांचे असे. दोन्ही एकाच चौकटीत जुळून येत.

मूळ अडचण

स्वतंत्रपणे चित्रित केलेली दृश्ये एकत्र करण्यासाठी ‘ऑप्टिकल प्रिंटर’वर फिल्मची पुन्हा फिल्म घ्यावी लागे. अशा प्रत्येक प्रतीबरोबर चित्रातील कण ठळक होत आणि बारकावे हरवत. परिणामी यान आणि पार्श्वभूमी वेगवेगळी असल्याचे प्रेक्षकाला जाणवे.

स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) शक्य तेथे ही प्रत टाळली. यानाचे चित्रण झालेली मूळ निगेटिव्ह न धुता महिनोन्महिने जपून ठेवली जाई आणि पुढचा घटक तिच्यावरच चित्रित होई. यामुळे चित्राची स्पष्टता टिकली, परंतु शेवटच्या टप्प्यातील एक चूक आधीचे सर्व काम वाया घालवू शकत असे.

याच चित्रपटात आफ्रिकेतील आदिमानवाची दृश्ये ‘फ्रंट प्रोजेक्शन’ने स्टुडिओतच चित्रित झाली. कॅमेऱ्यासमोरील अर्धपारदर्शक आरशावरून प्रक्षेपित केलेला देखावा विशेष पडद्यावर पडे. हा पडदा प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवत असल्याने देखावा उजळ दिसे, मात्र नटांच्या अंगावरील त्याचा अंश जाणवत नसे. हवेत तरंगणारे पेन प्रत्यक्षात फिरत्या काचेला चिकटवलेले होते. अंतिम भागातील प्रकाशाचा बोगदा डग्लस ट्रंबुल यांच्या ‘स्लिट-स्कॅन’ यंत्रणेने घडवला. अरुंद फटीमागील चित्र आणि कॅमेरा हलवत एकेक चौकट दीर्घ काळ प्रकाशित केली जाई. क्युब्रिक यांना वैयक्तिकरीत्या मिळालेले एकमेव ऑस्कर याच दृश्यपरिणामांसाठी होते.

यंत्राची अचूकता

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कॅमेरा वापरला. यानाची प्रतिकृती स्थिर ठेवून कॅमेरा तिच्याभोवती फिरे आणि तीच हालचाल हवी तितक्या वेळा तंतोतंत पुन्हा करता येई. त्यामुळे अनेक यानांची झुंज एका चौकटीत बसवणे शक्य झाले. प्रतीमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी मोठ्या चौकटीची ‘व्हिस्टाव्हिजन’ पद्धत वापरण्यात आली.

भारतीय संदर्भ

हिंदीत शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हे या परंपरेचे ठळक उदाहरण आहे. त्यातील अदृश्य नायकाची दृश्ये पीटर परेरा यांनी संगणकाविना साकारली.

आजचे स्थान

ही तंत्रे पूर्णतः कालबाह्य झालेली नाहीत. ‘द ट्री ऑफ लाइफ’साठी (२०११) ट्रंबुल यांनी रंग, धूर आणि द्रवांचे प्रत्यक्ष चित्रण केले. ‘इंटरस्टेलर’मध्येही (२०१४) यानांच्या मोठ्या प्रतिकृती वापरल्या गेल्या आणि खिडकीबाहेरील अवकाश सेटवरच प्रक्षेपित करण्यात आले. खऱ्या वस्तूवर पडणारा खरा प्रकाश आणि नटांना समोर दिसणारे दृश्य हे या पद्धतीचे आजही टिकून असलेले बळ आहे. मात्र प्रतिकृती घडवणे, काच रंगवणे, प्रकाशाचा अंदाज बांधणे ही कौशल्ये मुख्यतः हाताखाली काम करूनच शिकली जात. ट्रंबुल यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्या पिढीबरोबर तिचे अनुभवज्ञानही विरळ होत असल्याने उरलेल्या प्रतिकृती, यंत्रे आणि निर्मितीच्या नोंदी जतन करण्याचे महत्त्व वाढले आहे.