कॉमेट विमान-अपघातांचा तपास आणि वैद्यकीय पुरावा (१९५३-१९५५)

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले 'कॉमेट' हे ब्रिटिश जेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व ३५ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी त्या काळी विमानात नसे आणि बहुतांश अवशेष खोल पाण्यात होते. स्थानिक कोळ्यांनी बाहेर काढलेले १५ मृतदेह हाच तपासाचा आरंभीचा प्रमुख आधार ठरला.

पिसा येथील न्यायवैद्यकतज्ज्ञ अंतोनिओ फोर्नारी यांनी शवविच्छेदन केले. फुप्फुसे फाटलेली आणि कवट्या भंगलेल्या आढळल्या. हवेचा दाब क्षणार्धात घटला की फुप्फुसांतील हवा एकाएकी प्रसरण पावते व ऊती फाटतात. त्याच क्षणी प्रवासी आसनांवरून उसळून आदळतात. प्रवासी-कक्ष उंचावरच फुटला असावा, हे अनुमान त्यातून निघत होते. तो का फुटला, हे मात्र मृतदेह सांगू शकत नव्हते.

या मर्यादेची किंमत मोठी होती. आग हे सर्वाधिक संभाव्य कारण मानून विमानांत अनेक सुधारणा करण्यात आल्या आणि २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरे कॉमेट कोसळून २१ जण दगावले. त्यांच्या देहांवरही तशाच जखमा होत्या. (२ मे १९५३ रोजी कोलकात्याजवळ ४३ बळी घेणाऱ्या कॉमेट अपघाताच्या भारतीय चौकशीने वादळाकडे बोट दाखविले होते, त्या दिवशी वादळ खरोखरच होते, हेही नमूद केले पाहिजे.)

कारण उलगडले ते फार्नबरो येथे. पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या कॉमेटच्या कक्षावर दाबाची आवर्तने पुनःपुन्हा देण्यात आली. प्रत्यक्ष व कृत्रिम मिळून सुमारे ३,००० उड्डाणांनंतर, जून १९५४ मध्ये, तो खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. धातूची थकावट सिद्ध झाली. लॉर्ड कोहेन यांच्या चौकशी न्यायालयाचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

विमानविद्येच्या इतिहासात या टाकीचे वर्णन विस्ताराने येते. पिसातील शवागार मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. ही उपेक्षा न्याय्य नाही. फार्नबरोच्या तज्ज्ञांनी कक्षाच्या लहान प्रतिकृतीत बाहुल्या बसवून स्फोटाचे चित्रीकरण केले, तेव्हा त्या वर उसळून छतावर डोक्याने आदळल्या. फोर्नारी यांनी पाहिलेल्या कवट्यांचा अर्थ तेथे स्पष्ट झाला.