हिंदी महासागरातील बेटांचे खेळ : मॉरिशसने यजमानपदातून काय मिळवले?

१/ सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. मॉरिशस हा अवघा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात असे सात देश मावतील. या चिमुकल्या देशाने १९८५, २००३ आणि २०१९ अशा तीन वेळा बहुराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे यजमानपद भूषविले. तिथे कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबेही नांदत आहेत. त्या यजमानपदाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ स्पर्धेचे नाव ‘हिंदी महासागरातील बेटांचे खेळ’. रियुनियन बेटावरील क्रीडासंघटकांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९७९ मध्ये पहिली स्पर्धा त्याच बेटावर भरली. आज मॉरिशस, रियुनियन, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस, मालदीव आणि मायोत अशी सात बेटे व द्वीपसमूह तीत उतरतात. फुटबॉल, ॲथलेटिक्स, मुष्टियुद्ध, ज्युदो, वेटलिफ्टिंग, जलतरण, व्हॉलीबॉल असे अनेक खेळ असतात.

३/ अशी वेगळी स्पर्धा कशासाठी? मोठ्या जागतिक स्पर्धांत एवढ्याशा देशांचे खेळाडू बहुधा पहिल्या फेरीतच घरी परततात. मॉरिशसला आपले पहिले ऑलिम्पिक पदक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. ब्रुनो ज्युली याने बीजिंगमध्ये मुष्टियुद्धात कांस्यपदक मिळवले. बेटांच्या खेळांत मात्र प्रत्येकाला आपले राष्ट्रगीत वाजताना ऐकण्याची खरी संधी असते.

४/ १९७० चे दशक इथे महत्त्वाचे आहे. मॉरिशस १९६८ मध्ये, कोमोरोस १९७५ मध्ये आणि सेशेल्स १९७६ मध्ये स्वतंत्र झाले. रियुनियन मात्र १९४६ पासून फ्रान्सचा प्रांत आहे आणि आजही फ्रान्सचाच भाग आहे. कालपर्यंत लंडन किंवा पॅरिसकडे पाहणारी ही बेटे या स्पर्धेच्या निमित्ताने प्रथमच एकमेकांकडे पाहू लागली.

५/ आता मॉरिशसकडे वळू. तिथे १८३४ पासून करारबद्ध मजुरीची पद्धत सुरू झाली आणि पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय उसाच्या मळ्यांवर नेले गेले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू भाषकांबरोबर मुंबई बंदरातून मराठी मजूरही गेले. त्यांतील बरेचसे कोकणातले. तेथील गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी आणि महात्मा गांधी संस्थेतील मराठीचे अध्यापन हा त्याच प्रवासाचा वारसा.

६/ आफ्रिकी वंशाचे क्रिओल, भारतीय हिंदू व मुसलमान, चिनी, फ्रेंच वंशाचे मळेवाले, असे सगळे एका बेटावर राहत होते. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९६८ मध्ये, राजधानी पोर्ट लुईस येथे दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैन्य पाचारण करावे लागले. देश जन्माला आला, ‘आपण’ मात्र अजून घडायचे होते.

७/ ही फूट मैदानावरही होती. फुटबॉल क्लबांची नावेच ‘हिंदू कॅडेट्स’, ‘मुस्लिम स्काउट्स’, ‘तमिळ कॅडेट्स’ अशी होती. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ यांच्यात पंचरंगी क्रिकेट सामने होत. गांधीजींनी १९४० मध्ये त्यांना विरोध दर्शवला आणि १९४६ नंतर ते कायमचे बंद झाले. मॉरिशसमध्ये क्लबांची धार्मिक नावे १९८० च्या दशकाच्या आरंभी गेली. ‘मुस्लिम स्काउट्स’चे नुसते ‘स्काउट्स’ झाले. प्रेक्षक मात्र तेच राहिले.

८/ याच काळात, १९८५ मध्ये, दुसऱ्या स्पर्धेचे यजमानपद मॉरिशसकडे आले. यजमान म्हणून एकच संघ उतरवायचा होता आणि त्याच्या अंगावर एकच झेंडा असणार होता. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मॉरिशसने रियुनियनला नमवून सुवर्णपदक पटकावले. एरवी एकमेकांच्या क्लबांना शिव्या घालणारे लोक एकाच बाजूने ओरडत होते. ‘मॉरिशसपण’ या अर्थाचा जो शब्द तेथील सार्वजनिक जीवनात रूढ आहे, त्याची आठवण लोक आजही १९८५ च्या त्या दिवसांशी जोडतात.

९/ क्रीडास्पर्धेने राष्ट्र घडते, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. २३ मे १९९९ रोजी स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड यांच्यातील निर्णायक लीग सामना अंजले स्टेडियमवर झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत पोर्ट लुईसमधील एका जुगारगृहाला आग लावण्यात आली. सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. १९८५ चा जल्लोष ज्या देशाने अनुभवला, त्याच देशात चौदा वर्षांनी हे घडले.

१०/ देशांतर्गत फुटबॉल बराच काळ ठप्प झाले. पुढे क्लबांची रचना समुदायाऐवजी प्रदेशानुसार करण्यात आली. आपल्याकडे पंचरंगी सामने मागे पडून प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा उरली, त्याच वाटेवरचे हे पाऊल. अशा पार्श्वभूमीवर २००३ मध्ये बेटांचे खेळ पुन्हा मॉरिशसमध्ये आले. फुटबॉलचे सुवर्णपदकही पुन्हा यजमानांनीच मिळवले, आणि अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी पुन्हा रियुनियनच होता. जखम भरली असे म्हणता येणार नाही, पण एका झेंड्याखाली एकत्र बसण्याची सवय पुन्हा जडली.

११/ ‘अंजले’ हे नाव कुणाचे? २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हॅरेल येथील मळ्यावर संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ठार झालेल्यांपैकी अंजले कूपेन ही गर्भवती मजूर स्त्री होती. चार हुतात्म्यांची आठवण जपणाऱ्या सोलापूरकरांना या नावाचे मोल सांगावे लागणार नाही. २०१९ च्या स्पर्धेचे उद्घाटन याच स्टेडियमवर झाले.

१२/ २०१९ चे यजमानपद मुळात कोमोरोसला मिळाले होते. तेथील तयारी अपुरी ठरल्याने ते मॉरिशसकडे आले. पुढची, २०२३ ची स्पर्धा मालदीवऐवजी मादागास्करने भरवली. यजमानपदाचे ओझे यावरून कळते. सात संघ उतरवून घ्यायचे, राहण्याजेवणाची सोय करायची आणि प्रत्येक खेळासाठी नियमांत बसणारे मैदान वा तलाव तयार ठेवायचा. मादागास्करची स्पर्धा सुरू झाली त्या दिवशीच, २५ ऑगस्ट २०२३ रोजी, अंतानानारिव्हो येथील स्टेडियमवर चेंगराचेंगरीत किमान १२ जणांचा मृत्यू झाला. गर्दीचे नियोजन हाही यजमानपदाचाच भाग असतो.

१३/ मैदानापेक्षा अवघड प्रश्न झेंड्याचा आहे. १९७४ च्या सार्वमतात कोमोरोसमधील इतर बेटांनी स्वातंत्र्य निवडले, मायोतने फ्रान्स निवडला. २०११ मध्ये मायोत फ्रान्सचा प्रांत झाला. कोमोरोस मात्र आजही त्यावर हक्क सांगतो. म्हणून मायोतच्या खेळाडूंनी स्पर्धेच्या झेंड्याखाली चालावे, अशी तडजोड झाली. २०१५ मध्ये रियुनियनला मायोतच्या पथकासोबत फ्रेंच तिरंगा दिसला आणि कोमोरोसचा संघ स्पर्धा सोडून निघून गेला. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या त्या खेळाडूंना स्पर्धा अर्धवट सोडावी लागली.

१४/ २०१९ मध्ये मॉरिशसने ९२ सुवर्णांसह २२४ पदके जिंकून पहिला क्रमांक मिळवला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मात्र या वेळी रियुनियनने बाजी मारली. पदकांचे आकडे पुढच्या स्पर्धेत बदलतात. यजमानपदाचा खरा लाभ असा, की विभागलेल्या समाजाला ठरावीक वर्षांनी एकच जर्सी घालून आपल्याच पाहुण्यांसमोर उभे राहावे लागते. त्याने द्वेष संपत नाही, हे १९९९ ने दाखवले. पण द्वेषाखेरीज दुसरीही एक आठवण लोकांच्या गाठीशी राहते.

१५/ २०२७ चे यजमानपद कोमोरोसकडे सोपवण्यात आले आहे. मायोतला आपलाच भूभाग मानणारा देश मायोतच्या खेळाडूंचे स्वागत कसे करील? त्यांच्या हाती कोणता झेंडा असेल? मॉरिशसपुढचा प्रश्न घरातल्या माणसांना एकत्र बसवण्याचा होता. कोमोरोसपुढचा प्रश्न वेगळ्या झालेल्या भावाला पाहुणा म्हणून बोलावण्याचा आहे. हे खेळ होतील तेव्हा पदकतालिकेआधी उद्घाटनाचे संचलन अवश्य पाहा. (समाप्त)